पाणथळ जागेतील पिवळा आयरिस : गुण, दोष आणि लागवड



वेखंडाचा तुकडा ज्या घरात नाही असे जुने घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. पाणथळ जागी वाढणारे हे झाड, त्याची तलवारीसारखी पाने आणि उग्र वासाचा गड्डा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. याच वेखंडासारखे दिसणारे एक झाड युरोपात ओढ्यांच्या व तळ्यांच्या काठी वाढते. फुलावर नसताना ते लांबून पाहिले तर जाणत्या माणसाचीही फसगत व्हावी इतके साम्य आहे. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात 'खोटे वेखंड' असा अर्थ दडलेला आहे. वेखंडाचे शास्त्रीय नाव अकोरस आणि या झाडाचे आयरिस स्यूडॅकोरस. स्यूडो म्हणजे खोटा. इंग्रजीत त्याला येलो फ्लॅग किंवा येलो आयरिस म्हणतात. आपण त्याला पिवळा आयरिस म्हणू.

हे झाड आपल्या गावचे नाही. तरी त्याची माहिती करून घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, बागेतल्या तळ्यासाठी व सांडपाणी स्वच्छ करण्यासाठी त्याची फार प्रशंसा होते, आणि परदेशी असलेल्या आपल्या नातेवाइकांच्या बागांतून किंवा रोपवाटिकांच्या यादीतून त्याचे नाव आपल्याही कानांवर येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या गुणांमुळे हे झाड आपल्या मायभूमीत उपयोगी ठरले, त्याच गुणांमुळे परक्या मुलखात ते उपद्रवी झाले. बागेसाठी झाड निवडताना आपण काय पाहावे याचा धडा त्यातून मिळतो.

ओळख

आयरिस ही वनस्पतींची एक मोठी जात असून तिच्यात अडीचशे ते तीनशे प्रकार आहेत. ग्रीक भाषेत आयरिस म्हणजे इंद्रधनुष्य. फुलांच्या विविध रंगांवरून हे नाव पडले. आपल्या ओळखीची दोन झाडे याच कुळातील आहेत : एक केशर आणि दुसरे वेदीवरील फुलदाणीत आपण नेहमी पाहतो ते ग्लॅडिओलस. बहुतेक आयरिस कोरड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत वाढतात. चिखलात आणि उथळ पाण्यात उभे राहणारे थोडेच. पिवळा आयरिस हा त्यांपैकी सर्वांत दणकट.

हे झाड साधारण एक ते दीड मीटर उंच होते. पाने लांब, ताठ, सुमारे तीन सेंटिमीटर रुंद असून मधली शीर उठून दिसते. बुंध्याशी पाने पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकमेकांत बसवलेली असतात. जमिनीखाली हळदीच्या किंवा आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे वाढणारे जाड खोड असते. या गड्ड्याला दरवर्षी नवे फाटे फुटतात व बेट पसरत जाते. जुन्या बेटात शेकडो फुलणारी झाडे जमिनीखाली एकमेकांना जोडलेली आढळतात.

वेखंड आणि हा आयरिस ओळखण्याची सोपी खूण म्हणजे वास. वेखंडाचे पान चुरगळले की लगेच वास सुटतो. आयरिसच्या पानाला तसा वास नाही. फुलावर आल्यावर तर शंकाच उरत नाही. वेखंडाचे फूल म्हणजे पानाच्या बाजूने निघालेले, बोटासारखे हिरवट पिवळे कणीस. आयरिसचे फूल मोठे, सात ते दहा सेंटिमीटर रुंद, झळझळीत पिवळे असते.

फुलाची रचना आणि बियांचा प्रवास

या फुलाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. तीन मोठ्या पाकळ्या बाहेर झुकून खाली लोंबतात. त्यांवर तपकिरी किंवा जांभळट रेषांची नक्षी असते. तीन लहान पाकळ्या उभ्या राहतात. मधल्या स्त्रीकेसराचे तीन फाटे होतात, आणि प्रत्येक फाटा पाकळीसारखाच चपटा होऊन लोंबत्या पाकळीवर छपरासारखा येतो. छपराखाली एक पुंकेसर असतो आणि आत तळाशी मध.

मोठी गुंजणारी मधमाशी खालच्या पाकळीवर उतरते आणि त्या रेषांच्या वाटेने आत शिरते. शिरताना छपराच्या टोकाजवळची एक लहान पट्टी तिच्या पाठीला घासते. तिने दुसऱ्या फुलावरून आणलेले पराग त्या पट्टीवर पडतात. पुढे गेल्यावर या फुलाचे पराग तिच्या पाठीला लागतात. बाहेर पडताना मात्र ती पट्टी मागे दुमडली जाते, त्यामुळे फुलाचे स्वतःचे पराग त्याच्याच मुखावर सहसा पडत नाहीत. अशा रीतीने एका फुलात तीन दालने असून प्रत्येक दालन वेगळ्या फुलाप्रमाणे काम करते.

फलधारणा झाली की तीन धारांचे हिरवे बोंड तयार होते. ते पिकून उकलले की आतून चपट्या, तपकिरी बियांच्या रांगा दिसतात. या बियांच्या टरफलाखाली हवेची पोकळी असते, म्हणून त्या बुचासारख्या पाण्यावर तरंगतात, त्याही एकदोन दिवस नव्हे तर अनेक महिने. ओढ्याने नदी, नदीने सरोवर असा प्रवास करत त्या जिथे चिखलाला लागतील तिथे रुजतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे कारण पडणार आहे.

आपल्या मुलखात त्याचे स्थान

पिवळा आयरिस मूळचा युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेच्या वायव्य भागातला. ब्रिटन व आयर्लंडमध्ये मे ते जुलै या काळात ओलसर कुरणे त्याच्या फुलांनी पिवळी होतात. तेथील लोकजीवनात त्याला जुने स्थान आहे. स्कॉटलंडात त्याच्या गड्ड्यापासून लोहाच्या मिश्रणाने काळा रंग व शाई करीत. आयर्लंडमध्ये ख्रिस्तशरीराच्या सणाला, म्हणजे जूनच्या सुमारास, ही फुले घराच्या दारावर लावण्याची रीत होती.

फ्रान्सच्या राजांच्या ढालीवर जे तीन पाकळ्यांचे 'लिली'चे चिन्ह दिसते, ते खरे पाहता लिलीचे नसून आयरिसचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. बेल्जियममधील ब्रुसेल्स हे शहर दलदलीच्या जागी वसले. त्या विभागाने १९९१ साली आपल्या ध्वजावर पिवळा आयरिस घेतला. २०१५ साली ध्वजाचे रूप बदलले, तरी फूल तेच ठेवले. ख्रिस्ती चित्रकलेतही आयरिसला स्थान आहे. त्याच्या तलवारीसारख्या पानांमुळे ते पवित्र मरियामातेच्या दुःखाचे प्रतीक मानले गेले. शिमोनाने मंदिरात तिला तलवारीच्या वेदनेविषयी जे सांगितले त्याची ती आठवण. ह्यूगो व्हान डर गूस या चित्रकाराने सुमारे १४७५ साली काढलेल्या ख्रिस्तजन्माच्या प्रसिद्ध वेदीचित्रात बाळ येशूसमोरच्या फुलदाणीत आयरिसची फुले आहेत.

शेतीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॉर्नक्रेक नावाचा लाजाळू पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढून एप्रिल-मे महिन्यांत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर व आयर्लंडमध्ये येतो. तो गवतात लपून राहतो. परंतु तो येतो तेव्हा कुरणातील गवत अजून वाढलेले नसते. आयरिसची पाने मात्र तोवर गुडघ्याला लागलेली असतात. गवत उंच होईपर्यंत हा पक्षी आयरिसच्या बेटात आसरा घेतो. गवतकापणीची यंत्रे आल्यापासून या पक्ष्याची संख्या फार घटली. म्हणून तेथील शेतकऱ्यांना कुरणाच्या कडेची आयरिसची बेटे मोडू नका असे सांगितले जाते. गुरे ज्याला तोंड लावत नाहीत असे हे झाड तेथे निरुपयोगी ठरत नाही, ते असे.

बागेत लागवड

युरोपातील बागांत तळ्याच्या काठासाठी हे झाड फार पूर्वीपासून लावतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला बागेस योग्य झाड म्हणून मानचिन्ह दिले आहे. कोवळेपणी पानांवर पिवळे पट्टे असणारा प्रकार, फिक्या लोणी-रंगाच्या फुलांचा प्रकार आणि दुहेरी पाकळ्यांचा प्रकारही मिळतो.

लागवडीची पद्धत सोपी आहे. फुले येऊन गेल्यावर गड्डा उकरून त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पानांचा एक झुबका व काही मुळे ठेवतात. पाने वीतभर ठेवून वरची छाटतात म्हणजे वाऱ्याने रोप उपटत नाही. जड, चिकण मातीत गड्डा आडवा, मातीच्या पृष्ठभागालगत लावतात. वरती दहा-पंधरा सेंटिमीटर पाणी चालते. बेट मोठे झाले की त्याहून अधिक पाण्यातही ते उभे राहते. ऊन भरपूर हवे, अर्धी सावलीही चालते. बियांपासून केलेल्या रोपाला फूल येण्यास साधारणतः तिसरे वर्ष उजाडते. गड्ड्यापासून त्याआधी फुले मिळतात.

शहाणा माळी तीन पथ्ये पाळतो. एक, झाड मोकळ्या चिखलात न लावता जाळीच्या टोपलीत किंवा कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात ठेवतो. दोन, फुले सुकताच बोंडे पिकण्यापूर्वी कापून टाकतो. तीन, दोन-तीन वर्षांनी बेट वर काढून लहान करतो. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या लहान तळ्यात हे झाड कुंडीविना लावू नये, कारण त्याचे जाड गड्डे अस्तराला भारी पडतात आणि काही वर्षांत तळे आयरिसनेच भरून जाते.

सांडपाणी स्वच्छ करण्याचे काम

चिखलात हवा नसते. तेथे बहुतेक झाडांची मुळे कुजतात. पाणथळ झाडांच्या अंगात मात्र पोकळ नळ्यांसारखी ऊती असते. तिच्यातून पानांकडची हवा मुळांपर्यंत जाते व त्यातली काही मुळांभोवतीच्या चिखलातही उतरते. त्या हवेवर असंख्य सूक्ष्म जंतू जगतात आणि सांडपाण्यातील घाण कुजवून तिचे साधे घटक करतात. झाड त्यांतील नत्र व स्फुरद शोषून घेते. काही जड धातूही मुळांत अडकून राहतात. या तत्त्वावर खडी-वाळूचे वाफे करून त्यांत पाणथळ झाडे लावतात आणि त्यांतून सांडपाणी हळूहळू सोडतात. अशा वाफ्यांसाठी युरोपात व चीनमध्ये पिवळा आयरिस वापरला गेला आहे.

येथे एक चूक सर्रास होते. लोक झाडे लावतात आणि विसरतात. पाने वाळून त्याच पाण्यात पडली तर शोषलेले नत्र व स्फुरद परत पाण्यातच जाते. म्हणून पाने वेळोवेळी कापून बाहेर काढली पाहिजेत. झाड कोणतेही असो, हा नियम सर्वांना लागू आहे.

मोकाट सुटल्यावर

आता दुसरी बाजू पाहू. शोभेसाठी म्हणून हे झाड उत्तर अमेरिका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा दूरच्या देशांत नेण्यात आले. बागेतल्या तळ्यांतून बिया ओढ्यात गेल्या. कुठे नको झालेले गड्डे कोणी नदीकाठी फेकून दिले. बी तरंगत जाते हे आपण पाहिलेच. गड्डाही तसाच चिवट. तीन महिने पाण्याविना कोरडा पडलेला गड्डा पुन्हा वाढू लागल्याचे आढळले आहे. पुराने तुटलेला एखादा तुकडा मैलभर खाली जाऊन नवे बेट करतो.

युरोपात हे झाड हजारो वर्षांपासून आपल्या शेजाऱ्यांबरोबर वाढत आले आहे. नव्या देशांत मात्र त्याला अडवणारे असे कोणी नव्हते. बेटे एकमेकांना भिडली. दाट मुळांत गाळ अडकू लागला, काठ पुढे सरकला आणि ओढ्याची रुंदी कमी झाली. उत्तर अमेरिकेचा स्वतःचा एक पाणथळ निळा आयरिस आहे. क्वेबेक प्रांताने १९९९ साली त्यालाच आपले राज्यपुष्प केले. त्याची व इतर स्थानिक झाडांची जागा पिवळ्या आयरिसने बळकावली. ज्या गवतांवर व लव्हाळ्यांवर पाणपक्षी जगत, ती मागे हटली. आज अमेरिकेतील वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आदी राज्यांत या झाडाच्या विक्रीवर बंदी आहे. न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिकेतही त्याची उपद्रवी वनस्पतींत गणना होते.

एकदा माजले की ते काढणे कष्टाचे असते. गड्ड्याचा लहानसा तुकडा राहिला तरी तो फुटतो. थोडी झाडे असतील तर हातमोजे घालून मुळासकट खणतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात संशोधकांनी वेगळा उपाय करून पाहिला. त्यांनी पाने कापून बेटावर जाड रबरी चटया अंथरल्या. उजेड व हवा बंद झाल्याने सुमारे ७० दिवसांत गड्डे मेल्याचे त्यांना आढळले, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पाण्याखाली बुडालेल्या बेटाची पाने पाण्याच्या पातळीखाली पुन्हा पुन्हा कापली तरीही गड्ड्याला हवा मिळेनाशी होऊन तो मरतो. रुपया-दोन रुपयांच्या शोभेसाठी केलेली हयगय पुढे किती महाग पडते, हे यावरून दिसते.

आरोग्यविषयक सूचना

पिवळ्या आयरिसचे सर्व भाग, विशेषतः गड्डा, विषारी आहेत. गड्डा खाल्ल्यास उलट्या, पोटदुखी व जुलाब होतात. रसाने काहींच्या त्वचेची आग होते व फोड येतात. गुरे सहसा हिरव्या झाडाला तोंड लावत नाहीत. परंतु वाळल्यावरही विष कमी होत नाही, त्यामुळे वाळलेल्या गवतातून पाने पोटात गेल्यास जनावरे आजारी पडतात.

यावरून वेखंडाविषयीही दोन शब्द सांगणे जरूर आहे. पाण्याच्या कडेची तलवारीसारखी पाने पाहून उपटलेला कोणताही गड्डा वेखंड समजून घरी आणू नये. आणि खरे वेखंड असले तरी तान्ह्या बाळाला उगाळून चाटवू नये. वेखंडात असारोन नावाचे द्रव्य असते. त्यातील बीटा प्रकार अपायकारक असून प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचे आढळले. म्हणून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड व त्याचे तेल खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी आहे. भारतात मिळणाऱ्या वेखंडात या द्रव्याचे प्रमाण युरोपातील वेखंडापेक्षा जास्त असते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते प्रेमानेच दिले, यात शंका नाही. परंतु पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये हा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. एक वर्ष होईपर्यंत मधही देऊ नये. बाळाचे पोट दुखत असेल, ते सारखे रडत असेल, तर गुटी उगाळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

आपण काय करावे?

आपल्या उष्ण प्रदेशात पिवळ्या आयरिसचा हव्यास धरण्याचे कारण नाही. त्याला हिवाळ्यातील थंडीची विश्रांती मानवते, आणि आपल्याकडील उन्हाळा त्याला सोसणे कठीण. शिवाय परदेशातून येताना पिशवीत दोन गड्डे टाकून आणणे हे कायद्याविरुद्धही आहे. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना व रोगमुक्ततेचा दाखला असल्यावाचून रोपे किंवा कंद देशात आणता येत नाहीत. हा नियम उगाच केलेला नाही. शोभेच्या झाडांनी आपल्याला यापूर्वी तीनदा फसवले आहे. निळ्या फुलांची जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून बंगालमध्ये आली. आज हैदराबादपासून ग्वाल्हेरपर्यंत कोणते तळे तिने मोकळे ठेवले आहे? घाणेरी कुंपणाला व शोभेला म्हणून आली आणि तिने डोंगर व्यापले. कालव्याच्या कडेने माजलेली गुलाबी फुलांची बेशरम हीही दक्षिण अमेरिकेचीच. ती खाऊन शेळ्या कशा झुरत जातात हे शेतकऱ्यांना सांगायला नको.

मोरीच्या पाण्यासाठी झाड हवेच असेल तर परसातली कर्दळ पुरेशी आहे. तीही मूळची अमेरिकेची, पण आपल्या हवेत ती शतकानुशतके आहे, तिची खोडी ठाऊक आहे आणि ती आवरता येते. तिचे गोल, काळे, कठीण बी काही देशांत जपमाळेचे मणी म्हणून वापरतात. रचना अशी करावी : मोरीचे पाणी आधी एका लहान टाकीत घ्यावे, म्हणजे खरकटे व गाळ तेथे बसेल. पुढे गुडघाभर खोल चर खणून तळाला व बाजूंना पाणी न मुरेल असे अस्तर द्यावे. त्यात धुतलेली खडी भरावी व कर्दळ लावावी. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली चार बोटे राहील अशी दुसऱ्या टोकाला वाट ठेवावी. पाणी उघडे दिसले नाही की डासांनाही जागा मिळत नाही. बाहेर पडणारे पाणी फुलझाडांना व फळझाडांच्या आळ्यांना घालावे. ते पिण्यास, भांडी घासण्यास किंवा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना वापरू नये. अशा पाण्यावर अळूही झपाट्याने वाढतो, परंतु तो भाजीसाठी घेऊ नये. संडासाचे पाणी या चरात सोडू नये.

ज्यांची मुलेबाळे इंग्लंड, कॅनडा, अमेरिका येथे स्थायिक आहेत त्यांनी ही माहिती त्यांना अवश्य कळवावी. इंग्लंडमध्ये त्यांनी तळ्यात पिवळा आयरिस लावला तर उत्तमच. तेथे तो घरचा आहे. कॅनडा किंवा अमेरिकेत असतील तर त्याऐवजी तेथील निळा आयरिस लावावा. दिसायला तो काही कमी नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. रोपवाटिकेतून पाण्यातले झाड घेताना त्याचे शास्त्रीय नाव, मूळ देश आणि ते कसे पसरते हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर झाड घेऊ नये.

२. पाण्यातली झाडे कुंडीतच लावावीत. बी धरण्यापूर्वी फुले किंवा बोंडे कापावीत.

३. नको झालेली झाडे व माशांच्या टाकीतील वेली ओढ्यात, विहिरीत, तळ्यात टाकू नयेत. उन्हात पूर्ण वाळवून जाळाव्यात. गड्डे असतील तर ठेचून, फरशीवर अनेक महिने वाळू द्यावेत.

४. सांडपाण्याच्या वाफ्यातील पाने वेळोवेळी कापून बाहेर काढावीत.

५. अनोळखी गड्डा औषध म्हणून घेऊ नये व तान्ह्या बाळाला वेखंड चाटवू नये.

झाड वाईट नसते. स्कॉटलंडच्या कुरणात पाहुण्या पक्ष्याला आसरा देणारा आयरिस आणि अमेरिकेच्या ओढ्याचा गळा आवळणारा आयरिस एकच आहे. फरक पडला तो माणसाने त्याला उचलून कोठे ठेवले आणि ठेवल्यावर त्याच्याकडे लक्ष दिले की नाही, याचा. आपल्या हातून लागणाऱ्या प्रत्येक रोपाची जबाबदारी ते रुजल्यावरही आपल्याकडेच राहते. कुंपणापलीकडून वाहणारा ओढा आपल्या एकट्याचा नाही. खाली त्यावर दुसऱ्यांचीही शेते आहेत.